विकत मिळते ना? मग घरी कशाला?

माझ्या घरी बिअर होते. ‘होते’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड होतात, पावसाच्या तोंडावर लोणचे होते, दिवाळीआधी चकल्या होतात, त्याच अर्थाने ती होते. गेली तीस वर्षे मी इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो. तिथली जुनी, तांबूस, कडसर बिअर, जिला ती माणसे नुसते ‘बिटर’ म्हणतात, ती वर्षातून पाचसहा वेळा मी स्वयंपाकघरात करतो. ही गोष्ट उघड झाली की ऐकणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी दोन तर्क उभे राहतात. हा मनुष्य एक तर चिक्कू असावा, नाही तर पिणारा असावा. ह्या दोन्ही तर्कांचा मला राग येत नाही. दोन्ही जातींच्या माणसांना जगात सोबतीची वाण नाही. मला राग येतो तो तिसऱ्याच प्रश्नाचा, आणि तो नेहमी मोठ्या सौजन्याने विचारला जातो: “विकत मिळते ना? मग घरी कशाला?”

हा प्रश्न मला पुण्याच्या आप्तांनी विचारला आहे आणि जन्मभर बिटर प्यालेल्या माझ्या इंग्रज शेजाऱ्यांनीही विचारला आहे. आपल्या घराघरांत तो कुरडईला विचारून झाला, गोधडीला विचारून झाला, आता चकलीला विचारणे चालू आहे. आणि उत्तर न सुचल्यामुळे पुष्कळ घरांतला सोऱ्या माळ्यावर जाऊन बसला आहे. चकलीची बाजू तिच्या जाणत्यांनी मांडावी. मी बिटरची मांडतो.

आधी शब्दांचा घोटाळा निस्तरला पाहिजे. “घरी दारू गाळतोस?” असे मला एका मावशीने विचारले होते. मी काहीही गाळत नाही. गाळणे म्हणजे आंबलेल्या रसाची वाफ धरून ती पुन्हा थंड करणे. हातभट्टीवर चालते ते हे. परवान्याशिवाय ते करणे इंग्लंडातही गुन्हा आहे. मी आंबवतो. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत ते कढत हवेत वाळवायचे, म्हणजे त्याचा माल्ट होतो. तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बाईला ह्यात नवे काही सांगावे लागत नाही. मोड येताना दाण्यात काही द्रव्ये जागी होतात. पिष्टाची साखर करणे हा त्यांचा धंदा. वाळवल्यावर ती निजतात आणि ऊन पाण्यात पुन्हा उठून कामाला लागतात. बिअर करणाराचे पहिले काम म्हणजे त्यांना नेमके किती ऊन पाणी रुचते हे सांभाळणे.

तेवीस लिटर बिटरसाठी मी पावणेचार किलो फिका माल्ट घेतो, तो मॅरिस ऑटर नावाच्या जवाचा. ही जात केंब्रिजच्या संशोधकांनी सिद्ध केली आणि १९६० नंतरच्या दशकात ती शेतात आली. इतर जातींपेक्षा एकरी पीक कमी, म्हणून मोठ्यांनी तिला पुढे वाऱ्यावर सोडले. चवीसाठी हट्ट धरणाऱ्या थोड्यांनी तिला जगवले. त्यात पाव किलो तांबडा, ज्याच्या दाण्यातच साखर होऊन ती घट्ट झालेली असते असा ‘क्रिस्टल’ माल्ट. पाणी बहात्तर अंशांपर्यंत तापवले, भरडलेला माल्ट त्यात वैरला की मिश्रण सहासष्ट अंशांवर येऊन बसते. ते झाकून, गोधडीत गुंडाळून तासभर ठेवायचे. बासष्टत्रेसष्टवर ठेवले तर सगळी साखर अशी होते की यीस्ट ती फस्त करून टाकतो, आणि बिअर पातळ, कोरडी लागते. सत्तरच्या पुढे गेलात तर जड, चिकट लागते. ह्या चारपाच अंशांत सारी बिटर आहे. ह्या वेळी घरात जो वास सुटतो तो भाजणी भाजतानाच्या वासाचा सख्खा भाऊ आहे. माझी बायको बिअरला शिवत नाही, पण ह्या तासाला ती वरच्या मजल्यावरून खाली येते.

मग हा गोड काढा गाळण्यातून घ्यायचा. पहिले चारपाच तांबे गढूळ येतात; ते पुन्हा हलक्या हाताने वरूनच ओतायचे, म्हणजे दाण्यांच्या सालींचा थर स्वतःच गाळणे बनतो आणि खाली निवळशंख धार येऊ लागते. नंतर तासभर खळखळ उकळायचे आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवट, खवलेदार, कागदासारखी हलकी फुले. केंट परगण्यातल्या गोल्डिंग जातीची पन्नास ग्रॅम उकळीच्या आरंभी कडूपणासाठी, आणि आणखी पंचवीस शेवटच्या दहा मिनिटांत, वासासाठी. ह्यानंतर सोवळे सुरू होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाराला आजी ज्या नजरेने बघायची, ती नजर ह्या पुढच्या प्रत्येक भांड्यावर ठेवायची. काढा विसाच्या आसपास निववायचा, यीस्ट घालायचे, आणि झाकण ठेवून गप्प बसायचे. दुसऱ्या दिवशी वर जाडजूड पिवळसर फेस चढतो. सातआठ दिवसांनी हायड्रोमीटर, म्हणजे दूधवाल्याला भिवविणाऱ्या लॅक्टोमीटरचाच चुलतभाऊ, बुडवायचा. आरंभी १०४० दाखवणारा काटा १०१० वर आला की बिअर झाली. तिच्यात मद्यार्क सुमारे चार टक्के असतो. बाटल्यांत चिमूट चिमूट साखर घालून भरायची आणि तीन आठवडे थांबायचे.

एवढे सविस्तर सांगितले ते कोणी करावे म्हणून नव्हे. महाराष्ट्रात तर कोणी करूच नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये घरी परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे. सांगितले ते अशासाठी की, ‘विकत मिळते’ म्हणणाराला काय विकत मिळते आणि काय मिळत नाही, हे त्याशिवाय दाखवता येत नाही.

‘विकत मिळते, म्हणून लोकांनी घरी करणे सोडले,’ असा एक समज आहे. इंग्लंडचा इतिहास नेमका उलटा आहे. तिथे ही बायकांची विद्या होती. मध्ययुगात हॉप्सवाचून केलेली एल चारसहा दिवसांत आंबून जाई. म्हणून ती वारंवार, थोडी थोडी, घरोघर करावी लागे. गृहिणी ती करी, उरलेली शेजारी विकी आणि विक्रीची खूण म्हणून दाराबाहेर काठीला झुडूप टांगी. अशा बाईला ‘ब्रूस्टर’ म्हणत. आज ते नुसते आडनाव उरले आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप्सची बिअर आली. हॉप्सने बिअर टिकू लागली. टिकू लागली म्हणून दूर नेता येऊ लागली, दूर नेता येते म्हणून मोठ्या प्रमाणावर करणे परवडू लागले, आणि मोठ्या प्रमाणावर करायला भांडवल लागते. भांडवल बाईच्या हाती नव्हते. एका फुलाने हे सगळे केले असे नव्हे, पण त्या फुलाच्या वाटेने चुलीवरचे काम कारखान्यात गेले, आणि बाई गिऱ्हाईक झाली.

खेड्यातल्या मजुरांच्या घरी तरीही ते बरेच टिकले होते. तिथून ते कराने उखडले. माल्टवर १६९७ पासून कर होता आणि त्यात घरगुती वापराला सूट नव्हती. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातल्या जवाला स्वतःच्या घरी मोड आणले तरी सरकारचा माणूस दारात उभा. १८२१ साली विल्यम कॉबेटने ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढायला सुरुवात केली, आणि त्याचा पहिलाच विषय घरची बिअर होता. आपल्या डोळ्यांदेखत ही रीत मजुरांच्या घरातून नाहीशी झाली ह्याचा संताप त्याच्या पानापानात आहे, आणि माल्ट व हॉप्स ह्यांवरच्या करांना तो त्याबद्दल उघड दोषी धरतो. त्याच ओघात तो चहावर तुटून पडतो. चहाने माणूस दुबळा होतो आणि घर आळशी होते, असे त्याचे म्हणणे. चहाबद्दलचे त्याचे म्हणणे मी सोडून दिले आहे. मराठी माणसाने ते कसे मानावे? पण बाकीच्यात त्याने एक गोष्ट अचूक ओळखली होती: ज्या घरात एक वस्तू करणे थांबते, त्या घराला ती वस्तू विकणारा एक धनी मिळतो.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवला आणि तो बिअरवर बसवला. घरी करणाराला आता परवाना काढावा लागू लागला. तो परवाना थेट १९६३ पर्यंत होता. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग ह्यांनी तो रद्द केला. म्हणजे इंग्रज माणसाला आपल्या चुलीवर, आपल्या घरच्यांसाठी, कोणालाही न विचारता बिअर करायची मोकळीक मिळाली ती आत्ता आत्ता. ‘लोकांनी आपण होऊन सोडले’ म्हणणाऱ्यांनी ह्या तारखा एकदा नीट वाचाव्यात.

आणि ह्याच तारखांच्या शेजारी आपल्याकडच्या दोन तारखा ठेवाव्यात. इंग्लंडात घरच्या बिअरला परवान्याने का होईना जागा मिळाली १८८० साली. त्याच राज्यकर्त्यांचा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्याने गावोगावचे, पाड्यापाड्यांवरचे मद्य आवळून मक्तेदारांच्या हाती दिले. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी आणखी एक कायदा झाला आणि मोहाच्या नुसत्या फुलांवरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल आदिवासी बाईने किती वेचावे नि किती ठेवावे हे कलेक्टर ठरवू लागला! ह्या दोन्ही देशांत सरकारला माणसाच्या पिण्याची चिंता होती असे कोणी मला सांगू नये. चिंता महसुलाची होती, आणि हजार चुलींपेक्षा एका कारखान्याच्या दारात महसूल गोळा करणे सोपे पडते.

आता दुसरा पक्ष. ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो त्या घरच्या बाईला हा लेख वाचून दाखवण्याची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकाने बंद पाडली. मी त्यांच्या बाजूचा आहे. घरी करणारा माणूस पिऊन बिघडत नाही असा दावाही मी करणार नाही. इंग्लंडातही घरच्या पिंपात बुडालेले लोक आहेत. मी एवढेच म्हणेन की, चार टक्क्यांच्या बिअरसाठी साडेचार आठवडे थांबणे हा व्यसनी माणसाचा मार्ग नव्हे; त्याच्यासाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर, अर्ध्या तासाच्या आत, ह्याच्या दसपट तेज वस्तू सुबक बाटलीत उभी असते. आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानाला मात्र कोणी विचारत नाही, ‘तुम्ही कशाला करता?’

बरे, विकत मिळते म्हणतात ती काय वस्तू आहे? बिटर हे नाव पिणाऱ्यांनी दिले. एकोणिसाव्या शतकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथे फिकी, निवळ, कडू एल उत्तम उतरे. तीच तिथले बास, ऑलसॉप जहाजांत भरून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांना पाठवत. घरी राहिलेले इंग्रज गुत्त्यात तिच्याच भावंडाला ‘बिटर’ म्हणून हाक मारू लागले. तिचा अस्सल प्रकार असा की, ती पिंपात भरली तरी आतले यीस्ट जिवंत असते आणि तळघरात ती पिकत राहते. ती निवळावी म्हणून पिंपात माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला चिकट पदार्थ घालतात. एके काळी हा माल आपल्या किनाऱ्यांवरूनही तिकडे जात असे, आणि आपल्या घोळ माशाच्या पिशवीला आजही परदेशी गिऱ्हाईक सोन्यासारखा भाव देते. ती प्यायची अकरा ते तेरा अंशांवर. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ अशी जी थट्टा चालते ती, माठातल्या पाण्याला कोमट म्हणणाऱ्या माणसांची आहे.

जिवंत वस्तूला सांभाळणारा माणूस लागतो. तो परवडत नाही म्हणून १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी बिअर गाळून, तापवून, यीस्ट मारून, वरून वायू भरून, थंडगार करून विकायला आरंभ केला. नाव तेच, बिटर. ह्या प्रकाराला विटून १९७१ साली चार तरुणांनी एक चळवळ काढली; ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ह्या नावाने ती आजही उभी आहे. तिने पुष्कळ राखले. पण बासचा तो लाल त्रिकोण, १८७६ साली नोंदलेले इंग्लंडचे पहिले व्यापारचिन्ह, आज एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालमत्तेतली एक ओळ आहे. आणि बर्टनमध्ये एकमेकांना जोडलेल्या लाकडी पिंपांच्या रांगांत बिअर आंबवण्याची जी ‘बर्टन युनियन’ नावाची पद्धत होती, ती मोठ्या प्रमाणावर चालवणाऱ्या शेवटच्या कारखान्याने २०२४ साली मोडीत काढली. डर्बीशरच्या एका लहान ब्रुअरीने त्यातली एक रांग उचलून नेली, म्हणून ती संग्रहालयात गेली नाही एवढेच. ‘विकत मिळते’ हे वाक्य उच्चारताना त्यात ‘तोवर मिळते’ हे शब्द दडलेले असतात. विकणाराला परवडेल तोवर.

ह्यावर कोणी म्हणेल, मग घरी करणारे काय दिवे लावतात? खरे आहे, बरेचसे लावत नाहीत. परवाना गेल्यावर इंग्लंडात घरच्या बिअरची लाट आली. १९७४ साली डेव्ह लाइन ह्यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ आले, आणि त्याने कित्येकांना धान्यापासून बिअर करायला शिकवले. पण बहुसंख्य लोकांनी डबा फोडला, पाकात किलोभर साखर ओतली आणि जे झाले त्याला बिअर म्हटले. घरी केलेले सगळे चांगलेच असते असे मानणारा मी भाबडा नाही. घरचीही चकली तेलात विरते. आताच्या पिढीचा दोष निराळा. तिला बिटर करायला लाज वाटते. अमेरिकेचे आंब्याच्या वासाचे हॉप्स मुठीमुठीने घालायचे आणि मद्यार्क आठ टक्क्यांवर चढवायचा, ह्यात तिला पुरुषार्थ वाटतो. तिखट जास्त घातले की स्वयंपाकातले उणे झाकते, तसेच हे. बिटरमध्ये झाकायला काही नसते. धान्याची गोडी, फुलाचा कडूपणा आणि यीस्टचा किंचित फळांसारखा वास, तिन्ही मोजकी, आणि एक जरी बिनसले तरी पहिल्या घोटात उघडे पडते.

कडूपणाचे तर आपल्या माणसांना मी काय सांगावे! नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारिट फोडून त्याची बी जिभेला लावल्याशिवाय ज्यांचा फराळ सुरू होत नाही, त्यांना कडूनंतर गोड कसे लागते हे ठाऊक आहे. बिटरचे सगळे रहस्य त्याच क्रमात आहे. फक्त तिथे कडू मागाहून येते आणि पुढचा घोट मागते.

राहिला वेळ. बिअरच्या दिवशी सहा तास जातात. त्यातले दीडदोन तास हाताचे, बाकीचे चुलीचे. ‘एवढा वेळ कोणाला आहे?’ असे विचारणारे सद्गृहस्थ रविवारी दुपारी काय करतात हे मी त्यांना विचारत नाही.

आणि एक गोष्ट कायद्यानेच माझ्या बाजूने ठरवून ठेवली आहे. इंग्लंडात घरच्या बिअरवर कर नाही, तो एका अटीवर: ती विकायची नाही. त्यामुळे चाळीस बाटल्यांचे करायचे काय, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो आणि त्याला एकच उत्तर असते, वाटायचे. आमच्या रस्त्यावर सहा घरी बाटल्या जातात. बिअर न पिणाऱ्या दोन घरी उरलेल्या माल्टचे पाव जातात. रिकाम्या बाटल्या धुऊन परत येतात, कारण मला त्या पुन्हा लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. भांडे रिकामे परत करू नये ही रीत त्या लोकांना कोणी शिकवली नाही, तरी पलीकडच्या आजीबाई सप्टेंबरात बाटल्यांच्या खोक्यात प्लमचा मुरंबा ठेवून पाठवतात, आणि कोपऱ्यावरचा निवृत्त रेल्वेवाला परसातल्या शेंगा. त्यानेच मला गेल्या वर्षी विचारले होते, विकत मिळते तर करता कशाला म्हणून. ह्या वर्षी त्याने कुंपणाला हॉप्सचा वेल लावला आहे. ऑगस्टमध्ये फुले आली, ती वाळवायची कशी हे विचारायला तो दोनदा येऊन गेला.